एका भूकंपाचे तीन आकडे

२६ जानेवारी २००१. सकाळचे पावणेनऊ, शाळाशाळांतून प्रजासत्ताक दिनाची झेंडावंदनं चाललेली, आणि कच्छ हादरलं. त्या दिवशी आपल्या हवामान खात्याने भूकंपाचा आकडा दिला ६.९. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा आकडा आला ७.९, आणि पुढे त्यांनी तो ७.७वर आणला. वर्तमानपत्रांत दोन्ही शेजारी शेजारी छापून आले. लोकांनी आपापले अर्थ काढले. कुणी म्हणालं, आपली यंत्रं जुनाट. कुणी म्हणालं, सरकार आकडा दाबतंय. सगळ्यांनी एक मात्र गृहीत धरलं होतं, की भूकंपाला वजनासारखा एक खरा आकडा असतो आणि तो दोघांपैकी एकाला चुकला.

भूजच्या भूकंपाचे तपशील आज उघडून पाहिले तर त्यात तीन आकडे सापडतात. जमिनीच्या पोटातून येणाऱ्या लहरींवरून मोजला तर सुमारे ६.९. पृष्ठभागावरून पसरत जाणाऱ्या लांब लहरींवरून मोजला तर आठच्या जवळ. आणि खडक किती लांबीरुंदीत तुटला, किती सरकला, यावरून काढला तर ७.६ ते ७.७. तिन्ही बरोबर आहेत. भूकंप तोच, त्याला विचारलेले प्रश्न मात्र तीन वेगवेगळे. आज मला बोलायचंय ते या प्रश्नांबद्दल, आणि शेवटी अशा एका मोजमापाबद्दल, जे आपल्या कामाचं असूनही बातमीत कधी येत नाही.

सुरुवात रिश्टरपासून करू, कारण नाव सगळ्यांना ठाऊक आहे. १९३५ साली चार्ल्स रिश्टर कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांची अडचण रोजच्या कामातली होती. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांची यादी तयार करायची होती आणि प्रत्येक धक्क्यापुढे तो लहान की मोठा हे लिहायचं होतं. लोकांना विचारून ते ठरत नव्हतं. वाळवंटात झालेला मोठा धक्का कुणाला कळत नाही आणि लॉस एंजेलिसच्या खाली झालेल्या छोट्या धक्क्याचा गाजावाजा होतो. जपानमध्ये कियू वादाती यांनी थोडं आधी एक आलेख काढला होता. केंद्रापासूनचं अंतर एका अक्षावर, जमिनीचा जास्तीत जास्त हेलकावा दुसऱ्या अक्षावर. वेगवेगळ्या भूकंपांच्या रेषा साधारण एकमेकींना समांतर जात होत्या. म्हणजे अंतराचा हिशेब वजा केला तर उरतं ते भूकंपाचं स्वतःचं मोठेपण. रिश्टरनी हीच वाट धरली, पण लहान आणि मोठ्या धक्क्यांमधली तफावत इतकी प्रचंड होती, की आकडे आलेखावर मावेनात. त्यांचे सहकारी बेनो गुटेनबर्ग यांनी सुचवलं, लॉगॅरिदम घ्या, म्हणजे दर दहापटीला एकच अंक वाढेल.

मग मोजपट्टी अशी ठरली. वुड-अँडरसन नावाचं ठरावीक यंत्र. ते केंद्रापासून १०० किलोमीटरवर आहे असं धरा. त्याच्या कागदावरची रेघ मधल्या रेषेपासून १ मिलिमीटर सरकली, तर भूकंप ३चा. १० मिलिमीटर सरकली, तर ४चा. १०० मिलिमीटर सरकली, तर ५चा. यंत्र बरोबर १०० किलोमीटरवर कधीच नसतं, म्हणून अंतराप्रमाणे आकडा दुरुस्त करायला एक तक्ता. अंतर कसं कळतं? आधी प्राथमिक लहरी पोचतात, मागून दुय्यम लहरी. दोघींमध्ये गेलेल्या सेकंदांना ढोबळमानाने आठने गुणलं की किलोमीटर मिळतात. बारा सेकंदांचं अंतर असेल, तर भूकंप शंभरेक किलोमीटरवर. कोयनेच्या परिसरात धक्का बसला की पहिली धडक आणि मागून येणारा मोठा हेलकावा यांत जेमतेम श्वास घ्यायला वेळ मिळतो, तो याचमुळे. केंद्र पायाखालीच असतं.

या व्याख्येतून तीन गोष्टी निघतात. पहिली, या पट्टीला वरचं टोक नाही. ‘दहापैकी सहा’ असा हा प्रकार नव्हे. दुसरी, शून्य म्हणजे ‘भूकंप नाही’ असंही नव्हे. रिश्टरनी शून्य मुद्दाम इतकं खाली ठेवलं होतं, की त्यांच्या यंत्रांना ऋण आकडा लिहायची वेळ येऊ नये. पुढे यंत्रं इतकी नाजूक झाली, की उणे एकचे धक्केही आता सर्रास नोंदले जातात. तिसरी गोष्ट महत्त्वाची. ही पट्टी एका प्रदेशासाठी, एका यंत्रासाठी, जवळच्या आणि मध्यम भूकंपांसाठी होती. रिश्टरनी ती जगाला वापरायला दिली नव्हती. जगाने ती उचलली.

दूरच्या भूकंपांसाठी मग गुटेनबर्गनी पुढच्या पट्ट्या तयार केल्या. एक पृष्ठभागावरून जाणाऱ्या, सुमारे २० सेकंदांत एक हेलकावा पुरा करणाऱ्या लहरींची, दुसरी पोटातून येणाऱ्या लहरींची. मधल्या टप्प्यात आकडे एकमेकांशी जुळतील अशी काळजी घेतली गेली. टोकांना मात्र ते फाटत गेले. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७चा भूकंप जुन्या पुस्तकांत कुठे ६.५, कुठे ७ असा दिसतो आणि हल्ली ६.३ लिहितात, त्यामागे हेच आहे. जाता जाता, परदेशी याद्यांमध्ये हा भूकंप शोधायचा असेल तर १० डिसेंबर पाहा. आपल्याकडे पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं झाली होती, तेव्हा ग्रिनिचला आदली रात्र होती. १९९३चा किल्लारीचा भूकंपही तिथे ३०ऐवजी २९ सप्टेंबरला सापडतो. तारखेचा हा घोळ अभ्यासू लोकांच्या निबंधांतही डोकावतो.

आता खरी गाठ. फार मोठ्या भूकंपांपाशी आलं की या जुन्या पट्ट्या थकतात. कापडाच्या दुकानात गठ्ठ्यातलं कापड फाडताना तुम्ही पाहिलं असेल. दुकानदार कात्रीने एक छेद देतो आणि दोन्ही हातांनी टरकावतो. डोळे मिटून फक्त पहिल्या क्षणाचा आवाज ऐकलात, तर रुमालाएवढं फाटलं की अख्खं नऊवार, हे सांगता येणार नाही. सुरुवातीची चरचर दोन्हींची सारखीच. भूकंप म्हणजे खडक असाच एका टोकाकडून फाटत जाणं. एक-दोन सेकंदांच्या लहरींना किंवा अगदी २० सेकंदांच्या लहरींनासुद्धा, मिनिटंच्या मिनिटं फाटत जाणारा खडक एका मर्यादेपलीकडे दिसत नाही. भूकंप वाढतो, आकडा जागीच राहतो. पोटातल्या लहरींचा आकडा साताच्या आतबाहेर घुटमळतो, पृष्ठभागावरच्या लहरींचा साडेआठच्या आसपास. १९६०चा चिलीचा भूकंप, यंत्रांनी नोंदवलेल्यांत सगळ्यात मोठा, जुन्या पट्टीवर साडेआठच्या आतच राहिला. नव्या पट्टीवर तो ९.५ आहे.

ही नवी पट्टी कुठून आली? १९६४ साली जपानमध्ये निइगाता इथे भूकंप झाला. त्याचा अभ्यास करताना केइती आकी यांनी १९६६मध्ये लहरींच्या उंचीऐवजी थेट तुटलेल्या खडकाचा हिशेब मांडला. तीन गोष्टींचा गुणाकार: खडक किती ताठर, भेगेचं क्षेत्रफळ किती, आणि दोन्ही बाजू एकमेकींवरून सरासरी किती सरकल्या. याला भूकंपीय मोमेंट म्हणतात. पण हा गुणाकार केला की अठरा-वीस शून्यांचे आकडे येतात, ते वर्तमानपत्रात कोण छापणार? म्हणून हिरू कानामोरी आणि टॉम हँक्स यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्याचं रूपांतर रिश्टरसारख्याच दिसणाऱ्या आकड्यात केलं. मधल्या भूकंपांना जुना आणि नवा आकडा जवळपास सारखा यावा अशी जुळणी केली. ती इतकी छान जमली, की बदल झाल्याचं लोकांना कळलंच नाही. आज मोठ्या भूकंपाच्या बातमीत ‘रिश्टर’ म्हणून जे येतं ते बहुधा हे मोमेंट मॅग्निट्यूड असतं. निवेदकांना टोकायची मला सवय होती, आता सोडून दिली.

किल्लारीचाच गुणाकार करून पाहू. दहा किलोमीटर लांब, दहा किलोमीटर खोलवर गेलेली भेग आणि सरासरी अर्धा-पाऊण मीटर सरकणं, एवढं ढोबळ गृहीत धरलं, नेहमीच्या खडकाचा ताठरपणा घातला, की उत्तर ६.१ ते ६.२ येतं. किल्लारीजवळच्या शेतांत काळ्या मातीचा नवा उंचवटा वर आलेला तेव्हा लोकांनी पाहिला. ते या सरकण्याचं वरचं टोक होतं. सुमात्राचा २००४चा भूकंप घ्या. तिथे भेग तेराशे किलोमीटरच्या आसपास. फाटायला सुरुवात सुमात्रापाशी, शेवट पार अंदमानच्या पुढे, आणि सगळं मिळून आठ-दहा मिनिटं. हवाईच्या त्सुनामी केंद्राचा पहिला आकडा होता ८.०, तासाभरात ८.५. पुरी भेग हिशेबात घेणारा ९च्या वरचा आकडा यायला बराच वेळ गेला. जपानसारख्या तयारीच्या देशातही ११ मार्च २०११ला पहिला आकडा ७.९ होता. त्यावर आधारलेल्या इशाऱ्यात इवाते आणि फुकुशिमाच्या किनाऱ्यांना तीन मीटरच्या लाटेचा अंदाज दिला गेला. दोन दिवसांनी आकडा ९.० झाला. ७.९ आणि ९.० यांत ऊर्जेचा फरक सुमारे ४५ पट आहे. म्हणून आकडा ‘सुधारला’ की त्यात लबाडी शोधायचं कारण नाही. नंतरचा आकडा हा पुरी भेग पाहून झाल्यावरचा आकडा असतो.

या पटींचा हिशेब एकदा नीट करून टाकू, कारण इथे सुशिक्षितही घसरतात. एक अंक वाढला की यंत्रावरचा हेलकावा दहापट होतो, पण बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. दोन अंक वाढले की ऊर्जा बरोबर हजारपट. आणि दशांश चिन्हानंतरचा आकडाही हलका नाही. ०.२ वाढला की ऊर्जा दुप्पट. किल्लारी ६.२ आणि भूज ७.७ यांत फरक दीड अंकाचा, म्हणजे ऊर्जेत जवळपास १८० पट. टीव्हीवर ‘इतके अणुबॉम्ब’ म्हणतात तेही याच सूत्रातून निघतं. ६च्या भूकंपाची लहरींतली ऊर्जा हिरोशिमाच्या बॉम्बएवढी भरते. गणित बरोबर आहे, उपयोग शून्य. बॉम्ब शहरावर पडतो, भूकंपाची ऊर्जा कित्येक किलोमीटर खोलीवरून चहूबाजूंना पसरते.

कोयना-कराडकडे एक समजूत हमखास ऐकू येते: छोटे छोटे धक्के बसतात ते बरंच, दाब मोकळा होतो, मोठा येत नाही. ऐकायला धीर देणारी आहे. पण १९६७एवढी ऊर्जा ४च्या धक्क्यांनी मोकळी करायची म्हटलं तर जवळपास तीन हजार धक्के लागतील. ५चे म्हटले तर नव्वदच्या आसपास. १९६७नंतरच्या पन्नास वर्षांत तिथे ५चे धक्के वीस-बावीसच्या घरात आहेत. हप्ते भरून हे कर्ज फिटत नाही.

आता त्या दुसऱ्या मोजमापाकडे येतो. कोयना ६.३, किल्लारी ६.२. कागदावर जुळी भावंडं. दोन्ही पहाटेची, माणसं घरात झोपलेली. कोयनेला दोनशेच्या आतबाहेर माणसं गेली. किल्लारीला आठ ते दहा हजार. आणि १८० पट मोठ्या भूजला तेरा हजारांहून जास्त. मॅग्निट्यूडच्या पट्टीत या आकड्यांचं उत्तर नाही, कारण ती पट्टी जमिनीखाली काय झालं तेवढंच सांगते. जमिनीवर काय झालं यासाठी वेगळी पट्टी आहे आणि ती रिश्टरपेक्षा जुनी आहे. इटलीच्या मर्काली यांनी १९०२मध्ये आपली पट्टी मांडली. १९३१मध्ये अमेरिकेत तिला सुधारित रूप मिळालं, आणि आपल्याकडे तिच्यासारखीच बारा पायऱ्यांची एमएसके पट्टी वापरतात. या पायऱ्या रोमन अंकांत लिहितात, म्हणजे दशांश लावायचा मोह होत नाही. पाचव्या पायरीवर झोपलेले बहुतेक लोक जागे होतात. सहाव्यावर घाबरून बाहेर धावतात, गिलाव्याला तडे जातात. आठव्यावर कच्ची घरं कोसळतात. यंत्र नसलं तरी चालतं. गावोगाव फिरून विचारायचं: भांडी पडली का, भिंत कोणत्या दिशेला कलली, देवळाचा कळस जागेवर आहे का. मग सारख्या पायरीची गावं जोडत नकाशावर वळ्या काढायच्या. मॅग्निट्यूड भूकंपाला एकच, ही तीव्रता मात्र गावागणिक वेगळी. किल्लारीत आठ-नऊ, आणि केंद्रापासून दूर जावं तशी एकेक पायरी खाली.

किल्लारी आणि सास्तूर भागातली घरं डोळ्यांसमोर आणा. दोन-तीन फूट जाड दगडी भिंती, सांध्यांत चुना नाही, सिमेंट नाही, नुसती माती. आतून आणि बाहेरून चांगला दगड, मध्ये भरताड, आणि दोन्ही थर एकमेकांत गुंतवणारा आडवा दगड क्वचितच. वर माळवद. मराठवाड्याच्या उन्हात यापरता थंडावा नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकली जायची. हिशेब करा: दहा बाय बाराची खोली, त्यावर दीड फूट माती. एकशे ऐंशी घनफूट, म्हणजे आठ-नऊ टन. भूकंप उथळ होता, अवघ्या काही किलोमीटरवर, आणि अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून गाव नुकतं आडवं झालेलं. ३ वाजून ५६ मिनिटांनी त्या भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना एक गोष्ट ठळक दिसली. जिथे माळवद लाकडी खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर उभं होतं आणि त्याचे सांधे पक्के होते, तिथे भिंती ढासळूनही कित्येक ठिकाणी छप्पर वरच राहिलं. बाजूचं घर, तीच माती, तोच ६.२, आणि निकाल वेगळा.

कोयनेला सह्याद्रीची विरळ वस्ती होती, हे मृतांच्या संख्येमागचं एक कारण. पण तिथे आणखी एक मोजमाप झालं, ते जगभरच्या अभियंत्यांना पाठ आहे. धरणाच्या आत एक त्वरणमापक बसवलेला होता. तो जमिनीचा धक्का गुरुत्वत्वरणाच्या हिशेबात मोजतो. धरणाच्या लांबीच्या दिशेने त्याने ०.६३ नोंदवलं. म्हणजे आपल्या वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक जोराने कुणीतरी आपल्याला आडवं ओढावं तसं, काही क्षण. धरणाचं गणित केलं होतं ०.०५ धरून. धरण उभं राहिलं, पण वरच्या भागात, जिथे उतार एकदम बदलतो तिथे, तडे गेले. पुढे आधारभिंती देऊन ते भक्कम केलं. इमारत बांधणाऱ्याला हवा असतो तो हा आकडा. ६.३ घेऊन तो काय करणार? खांबाची सळई ठरते ती आडव्या ओढीवर.

जपानने हे फार आधी ओळखलं. तिथे भूकंप झाला की टीव्हीवर पहिल्यांदा झळकते ती मॅग्निट्यूड नसते, शिंदो असते, म्हणजे तिथली तीव्रतेची पट्टी. शून्य ते सात, त्यात पाच आणि सहाचे वरचा-खालचा असे दोन भाग, म्हणजे एकूण दहा पायऱ्या. शहरागणिक आकडा, आणि १९९६पासून तो माणसांना न विचारता थेट यंत्रांवरून ठरतो. तुमच्या गल्लीत किती हादरलं हे आधी, समुद्राखाली किती तुटलं हे नंतर. माझ्या मते आपल्या बातम्यांनीही हाच क्रम धरायला हवा. सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या पहिल्या सूचनेत मॅग्निट्यूडच्या शेजारी खोली आणि ठिकाण असतं. त्यातली खोली आवर्जून वाचत जा. हिंदुकुशात दोनशे किलोमीटर खोल झालेला ७चा धक्का दिल्लीत पंखे हलवतो आणि बहुधा तेवढ्यावरच थांबतो. गावाखाली पाच-सात किलोमीटरवरचा ६चा धक्का घर पाडतो.

आपल्या देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशासुद्धा मॅग्निट्यूडवर आखलेला नाही, तीव्रतेवर आखला गेला. कुठे एमएसकेची कोणती पायरी अपेक्षित, त्यावरून क्षेत्र ठरलं. दुसऱ्यात सहापर्यंत, तिसऱ्यात सात, चौथ्यात आठ, पाचव्यात नऊ आणि वर. १९९३मध्ये या नकाशात पहिलंही क्षेत्र होतं, सगळ्यात निर्धोक समजलेलं, जिथे पाचव्या पायरीच्या वर काही घडायचं नाही. किल्लारी त्या क्षेत्रात होती. आदल्या वर्षी, १९९२मध्ये, तिथे छोट्या धक्क्यांची मालिका येऊन गेली होती, तरी नकाशा तोच राहिला. भूकंपरोधक बांधकामाच्या २००२च्या सुधारित संहितेत पहिलं क्षेत्र रद्द करून दुसऱ्यात विलीन केलं गेलं आणि लातूरचा हा पट्टा तिसऱ्यात गेला. त्या नकाशात मुंबईही तिसऱ्यातच होती, कोयना चौथ्यात. तिसऱ्या क्षेत्रासाठी त्या संहितेतला गुणांक, म्हणजे जमिनीचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या किती पट धरायचं तो आकडा, ०.१६ होता, चौथ्यासाठी ०.२४. घराच्या आराखड्यावर अभियंत्याने कोणता गुणांक धरलाय, हे त्याच्या हिशेबाच्या कागदात पहिल्या-दुसऱ्या पानावर लिहिलेलं असतं. मागितलं तर तो दाखवतो.